पीसीओएस आणि लठ्ठपणासाठीचा बारा आठवड्यांचा जीवनशैली वर्ग : एक अभिप्राय

पुण्यात कोथरूड भागातील एका खासगी स्त्रीरोग चिकित्सालयात पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीजांडकोश आणि संप्रेरके यांच्याशी संबंधित विकार) आणि वाढलेले वजन अशा दोन्ही तक्रारी असलेल्या स्त्रियांसाठी बारा आठवड्यांचा जीवनशैली वर्ग चालवला जातो. मी तो पूर्ण केला आहे. काही गंभीर आक्षेप असूनही, ज्यांना वेळ आणि पैसा यांची सोय करता येईल त्यांनी तो जरूर करावा, असे माझे मत आहे. चिकित्सालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण मला एका ठिकाणाची जाहिरात किंवा निंदा करायची नाही. असा वर्ग निवडताना काय पाहावे, काय विचारावे आणि कुठे सावध राहावे, हे इतर स्त्रियांना कळावे एवढाच हेतू आहे.

वर्ग दर शनिवारी दुपारी दीड तास भरतो. एका तुकडीत दहा-बारा स्त्रिया असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट असे तिघे आलटून पालटून मार्गदर्शन करतात आणि समुपदेशक एकदाच येतात. शुल्क 9,000 रुपये असून रक्ताच्या तपासण्यांचा खर्च वेगळा करावा लागतो. ही रक्कम लहान नाही. तरीही प्रत्येक महिन्याला वेगळ्या तज्ज्ञाकडे जाऊन प्रत्येकाकडून वेगळा सल्ला ऐकण्यापेक्षा, एकाच खोलीत सर्वांचे एकमत झालेला सल्ला मिळणे मला अधिक मोलाचे वाटले.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते इतके स्पष्ट होते की, ते निदानाच्या दिवशीच का सांगितले जात नाही याचे वाईट वाटत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील 10 ते 13 टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. ज्यांचे निदान होते त्यांच्या हातात बहुधा सोनोग्राफीचा अहवाल, गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘वजन कमी करा’ एवढे तीन शब्द पडतात. वजन आणि पाळी यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणी सांगत नाही. तो संबंध मुख्यतः इन्सुलिनमधून, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकातून जातो. शरीराच्या पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात तयार करते. रक्तात वाढलेले हे इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक अँड्रोजेन (पुरुषी गुणधर्माचे संप्रेरक) तयार करायला लावते आणि त्याच वेळी यकृतात तयार होणारे, अँड्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. परिणामी बीज पूर्ण वाढून बाहेर पडत नाही, पाळी लांबते आणि हनुवटीवर केस येतात. पोटाभोवतीची चरबी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणखी मंद करते आणि चक्र पुढे चालू राहते. सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस असतो, हेही डॉक्टरांनी आवर्जून सांगितले, म्हणजे वजनाला एकमेव दोषी ठरवले जाऊ नये.

मानेवरचा काळेपणा हा याच वाढलेल्या इन्सुलिनचा एक परिणाम असू शकतो, हे ऐकल्यावर खोलीतील अनेकींच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी विसरणार नाही. तो मळ समजून आयांनी डाळीचे पीठ, लिंबू आणि काथ्या घेऊन घासलेल्या माना तिथे किती तरी होत्या. शाळकरी वयापासून ‘अंघोळ नीट करत नाहीस’ असे ऐकत आलेल्या मुलीला ही एक गोष्ट कळणे म्हणजे अर्धा उपचार आहे, असे मला खरोखर वाटते.

यानंतर वजनाचे लक्ष्य ठरवले गेले, आणि ते ज्या पद्धतीने ठरवले गेले ती मला पटली. आदर्श वजनाचा तक्ता कोणापुढे ठेवला नाही. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के उतरले तरी पाळी, रक्तातील साखर आणि बीज बाहेर पडण्याची प्रक्रिया यांत फरक दिसू शकतो, त्यामुळे 80 किलो वजनाच्या स्त्रीने पहिले उद्दिष्ट चार किलोंचे धरावे, असे सांगण्यात आले. ज्या स्त्रीला आजवर ‘वीस किलो उतरवल्याशिवाय काही होणार नाही’ असे बजावले गेले आहे, तिला चार किलो हा आकडा पेलवणारा वाटतो. भारतीय शरीरयष्टीसाठीचे निकषही नीट समजावले गेले. आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) 23 च्या वर गेला की जादा वजन आणि 25 च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, आणि स्त्रियांच्या कंबरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत असावा असे मानतात. दर आठवड्याला वजनासोबत कंबरेचा घेर आणि झोपेचे तास लिहून ठेवायचे होते, तसेच पाळीच्या तारखाही नोंदवायच्या होत्या. मध्यंतरी तीन आठवडे वजनाचा काटा हलला नाही तेव्हा घेर मात्र कमी होत राहिला. ती नोंद समोर नसती तर तुकडीतील निम्म्या स्त्रिया तिथेच सोडून गेल्या असत्या.

माझा पहिला आक्षेप मात्र याच मोजमापाविषयी आहे. सुरुवातीच्या वर्गांत वजन सर्वांसमोर केले जाई आणि मदतनीस मुलगी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवत असे. तिच्या मनात वाईट काही नव्हते, पण ज्या स्त्रियांनी लग्नसमारंभात, लोकलच्या डब्यात, कपड्यांच्या दुकानात आपल्या शरीराविषयी बोलणी ऐकलेली असतात, त्यांच्यासाठी ती खोलीही मग वेगळी उरत नाही. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पीसीओएसविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वजनावरून होणाऱ्या अवहेलनेची स्वतंत्र दखल घेतलेली आहे आणि वजन करण्यापूर्वी त्याचे कारण सांगून परवानगी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही काही जणींनी हे सांगितल्यावर काटा पडद्याआड नेला गेला आणि ज्यांना आकडा पाहायचा नसेल त्यांना आकड्याकडे पाठ करून उभे राहण्याची मुभा मिळाली. बदल झाला हे चांगले झाले, पण तो मागावा लागायला नको होता.

आहाराचा भाग हा या वर्गाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. आहारतज्ज्ञांनी पथ्याचा छापील तक्ता दिला नाही. प्रत्येकीने एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घेऊन सकाळच्या पहिल्या घोटापासून रात्रीच्या शेवटच्या घासापर्यंत सर्व काही लिहून आणायचे आणि त्याच वहीवर आहारतज्ज्ञ लाल पेनाने खुणा करणार, अशी पद्धत होती. त्या वह्यांतून जे निघाले ते कुठल्याही तक्त्यात सापडले नसते. कार्यालयात दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते. दिवसभरातील वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, त्याच्या ती जवळपास दुप्पट झाली. दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. घरातील सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, मुलांनी ताटात टाकलेली अर्धी पोळी, संपवायची म्हणून संपवलेली खीर, हे कोणीच लिहून आणले नव्हते, कारण ते आपले जेवण आहे असे कोणाला वाटतच नव्हते. आहारतज्ज्ञांनी कोणालाही न दुखावता ते विचारून घेतले. उरलेले अन्न डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे अन्न वाया घालवणे नव्हे, हे त्यांना पुनःपुन्हा सांगावे लागले.

प्रथिनांचा हिशेबही डोळे उघडणारा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. आपल्या ताटातील वाटीभर पातळ वरणात जेमतेम मूठभर डाळ असते आणि तीस ग्रॅम तूरडाळीतून सहा-सात ग्रॅमच प्रथिने मिळतात. त्यामुळे दोन पोळ्या, भात आणि पातळ वरण असे जेवण पोटभर वाटले तरी चार वाजता भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. आमच्याकडून करून घेतलेला बदल साधा होता. भाकरी किंवा पोळी एकाने कमी करायची आणि मटकीची, चवळीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ दुप्पट घ्यायची. कोशिंबीर आधी खायची. ताक किंवा दही रोज घ्यायचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. आपल्या ताटात ते प्रमाण किती तरी वर जाते, हे वहीत स्पष्ट दिसत होते. ज्वारी किंवा नाचणीची भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरते, हा समजही त्यांनी ठामपणे दूर केला. भाकरीत तंतू भरपूर असतात, हे खरे. पण ग्रॅमला ग्रॅम तिच्या पिठातील उष्मांक गव्हाच्या पिठाच्या जवळपासच असतात, त्यामुळे तीन भाकऱ्या या तीन भाकऱ्याच राहतात.

उपवासाचा प्रश्न निघाला तेव्हा एका ताईंनी विचारले, “मॅडम, श्रावणातले सोमवार, संकष्टी, एकादशी असे महिन्यातले सात-आठ दिवस जातात, तेव्हा काय करायचं? उपवास मोडायला सांगू नका, सासूबाईंना चालणार नाही आणि मलाही.” आहारतज्ज्ञांनी उपवास मोडायला सांगितले नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असून त्यावर तूप आणि बटाटा घातलेली खिचडी हे नेहमीच्या जेवणापेक्षा जड जेवण ठरते, हे त्यांनी समजावले आणि त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दह्यातले लाल भोपळ्याचे भरीत, दाण्याची आमटी मोजून आणि एखादे फळ असा पर्याय दिला. कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता दिलेला हा सल्ला ताईंनी पुढे खरोखर पाळला.

इथेच माझा दुसरा आक्षेप आहे. वर्गातील सर्व उदाहरणे शाकाहारी, शहरी स्वयंपाकघरातली होती. रत्नागिरीकडून आलेल्या एका मैत्रिणीने बांगडा आणि तारली यांच्याविषयी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, पण ते तिला विचारावे लागले. मासळी आणि अंडी हे अनेक घरांतील प्रथिनांचे सर्वांत स्वस्त आणि सवयीचे साधन असते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. बांगडा तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात केला तर त्याहून चांगला पर्याय शोधूनही सापडणार नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांसाठी वर्ग चालवायचा तर खानदेश, विदर्भ, कोकण यांची ताटेही त्या फळ्यावर यायला हवीत. कोणताही एक ठरावीक आहार दुसऱ्यापेक्षा पीसीओएससाठी सरस असल्याचा पुरावा नाही, असेच 2023 च्या सूचनाही सांगतात. म्हणजे जिला जो टिकवता येईल तो आहार तिच्यासाठी योग्य, आणि तो तिच्या घरच्या चवीचाच असणार.

व्यायामाचे मार्गदर्शन थोडक्यात पण नेमके होते. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि सलग नसलेल्या दोन दिवशी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, असा पाया ठरवला गेला. वजनही उतरवायचे असेल तर 250 मिनिटांपर्यंत जावे, असे सांगितले गेले. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची ओळख सर्वांच्या लक्षात राहिली. मला विशेष आवडले ते असे की, फिजिओथेरपिस्टने जिमचा आग्रह धरला नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून केलेले जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, रबरी पट्टा ओढणे, एवढ्यावर ताकदीचा व्यायाम उभा केला. ज्यांना पहाटे हनुमान टेकडीवर जाणे शक्य आहे त्यांनी जावे, ज्यांच्या घरी सहा वाजता डबे भरायचे असतात त्यांनी दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून सोसायटीचे जिने आणि गच्ची वापरावी, हा सल्ला आमच्यापैकी बहुतेकींच्या दिवसात बसला. घरकाम व्यायामात धरायचे का, या प्रश्नालाही खरे उत्तर मिळाले. ज्या कामाने दम लागतो, ते धरा. दिवसभर उभे राहून आलेला थकवा हा व्यायाम नाही, त्यासाठी विश्रांती हवी.

झोपेविषयी एकच वर्ग झाला आणि तो पुरेसा होता. रात्री मोठ्याने घोरणे, सकाळी उठल्यावर न गेलेला थकवा, दुपारी अनावर झोप, अशी लक्षणे असलेल्या दोघींना पुढील तपासणीसाठी पाठवण्यात आले. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा धोका अधिक असल्याने हे योग्यच झाले. मनाच्या आरोग्याला मात्र एक वर्ग अजिबात पुरेसा नाही. या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे निदानाच्या वेळीच त्यांची चाचपणी करावी अशी शिफारस आहे. आमच्या समुपदेशक बाईंनी बोलायला सुरुवात करून दिली, आणि दोन-तीन जणींचा बांध फुटलाही. पण पुढच्या शनिवारी तो विषय पुन्हा निघाला नाही. मूल होत नाही म्हणून घरात रोज ऐकून घेणाऱ्या स्त्रीला कोशिंबिरीचे प्रमाण सांगून भागत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप चिकित्सालयाच्या जाहिरातपत्रकाविषयी आहे. त्यावर ‘पीसीओएस मुळापासून बरा’ अशी ओळ आहे. वर्गातील डॉक्टर स्वतः असे कधीच म्हणाल्या नाहीत. हा दीर्घकाळ सांभाळायचा विकार आहे, सवयी बदलल्याने लक्षणे आटोक्यात येतात आणि मधुमेहाचा धोका कमी होतो, असेच त्या सांगत. मग पत्रकात वेगळे का छापले जाते? त्याचबरोबर औषधांच्या खिडकीवर इनॉसिटॉल या पूरक पदार्थाच्या पुड्या आणि प्रथिनांची पावडर वर्गाचाच भाग असल्याप्रमाणे मांडलेली असते. इनॉसिटॉलच्या उपयोगाचा पुरावा अजून मर्यादित आहे. त्याने सहसा अपाय होत नाही, तरी महिन्याला होणारा तो खर्च आवश्यक आहे असे भासवणे योग्य नाही. मेटफॉर्मिन (इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारणारे औषध) घेणाऱ्यांना ते स्वतःहून बंद करू नये असे बजावले गेले, हे बरे झाले. पण दीर्घकाळ ते घेताना बी12 जीवनसत्त्वाची पातळी तपासावी लागते, हे कोणी सांगितले नाही.

एक महत्त्वाचा विषय वर्गात आलाच नाही, आणि ती उणीव मला धोकादायक वाटते. वजन थोडे उतरले की बीज पुन्हा बाहेर पडू लागते आणि पाळी येण्यापूर्वीच गर्भधारणा होऊ शकते. ‘मला मूल होणार नाही’ असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या स्त्रिया गर्भनिरोधनाचा विचार करत नाहीत. ज्यांना लगेच मूल नको आहे त्यांच्याशी हे पहिल्या महिन्यातच बोलायला हवे, आणि ज्यांना हवे आहे त्यांना रक्तातील साखर आधी तपासून घ्यायला सांगायला हवे, कारण गर्भारपणातील मधुमेहाचा धोका त्यांना इतरांपेक्षा अधिक असतो.

माझ्यापुरते परिणाम सांगायचे तर वजन सुरुवातीच्या पाच टक्क्यांच्या जवळपास उतरले, कंबरेचा घेर त्याहून ठळकपणे कमी झाला, दुपारची सुस्ती गेली आणि पाळीतील अंतर आक्रसले. हनुवटीवरच्या केसांत फरक पडलेला नाही, आणि तो इतक्यात पडणारही नव्हता. केसांच्या वाढीचे चक्र संथ असल्याने त्यासाठी किमान सहा महिने धीर धरावा लागतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तुकडीतील सर्वांना सारखे यश आले नाही. ज्यांच्या घरात स्वयंपाकाचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता, त्यांना सर्वांत कमी फायदा झाला. म्हणून एक तरी वर्ग नवरा, आई किंवा सासूबाई यांना सोबत घेऊन व्हावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. बारा आठवड्यांनंतर काय, हाही प्रश्न उरतोच. सध्या वर्ग संपला की संबंध संपतो. महिन्यातून एकदा तुकडीने पुन्हा भेटावे एवढी सोय झाली तरी उतरलेले वजन टिकवायला मदत होईल.

नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. वजन एकांतात केले जाते का, पूरक पुड्या घेणे ऐच्छिक आहे का आणि 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची साखरेची तपासणी शुल्कात धरली आहे का, हे स्पष्ट करून घ्यावे. ज्यांची पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ आलेली नाही, त्यांनी वर्गाची तुकडी सुरू होण्याची वाट न पाहता आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, कारण गर्भाशयाचे अस्तर फार काळ तसेच वाढत राहणे सुरक्षित नसते. नवीन तुकडी साधारण दर तीन महिन्यांनी सुरू होते. पहिल्या दिवशी जुने अहवाल, गेल्या वर्षभरातील पाळीच्या आठवतील तेवढ्या तारखा आणि एक कोरी वही सोबत न्यावी.